नवी पांढरी तीनची बासरी (जिचा सा हार्मोनियमच्या सप्तकातल्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर असतो) ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, उतरी दिसते. भोकं घासून सूर चढवावेत का?

लगेच घासू नका. घासलेला बांबू परत येत नाही. तुम्ही दिलेले आकडे असे आहेत: सा 12 सेंट (सुरातला बारीक फरक मोजायचं एकक) उतरा, ग 26, प 10, ध 28 आणि नी 40. माझ्या मते यातला एकच आकडा खरोखर संशयास्पद आहे, तो म्हणजे नी.

ट्यूनर पियानोच्या हिशेबाने मोजतो, म्हणजे सप्तकाचे 12 सारखे भाग आणि प्रत्येक भाग 100 सेंटचा. तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार सा पासून 386 सेंटवर असतो, ट्यूनरला मात्र तो 400 वर हवा असतो. म्हणून सुरेल गंधार ट्यूनरवर 14 सेंट उतराच दिसणार. तसाच धैवत 16 आणि निषाद 12 सेंट उतरा दिसतो, तर पंचम 2 सेंट चढा. आता हे तुमच्या 12 सेंट उतऱ्या सा मध्ये मिळवून पाहा. ग 26, प 10, ध 28, अगदी तुमचेच आकडे. म्हणजे हे स्वर बनवणाऱ्याने नीट लावलेले आहेत. ते घासून ट्यूनरच्या शून्यावर आणले, तर तंबोऱ्यावर बासरी कायमची बेसूर होईल.

उरले सा चे 12. तुम्ही नाशिकला डिसेंबरात सकाळी मोजता म्हणालात. हवा थंड असली की ध्वनीचा वेग कमी होतो आणि फुंकवाद्याचा सूर उतरतो. नळीतल्या हवेचं तापमान एका अंशाने बदललं की साधारण 3 सेंटचा फरक पडतो. बांबूच्या आकुंचनाचा यात जवळपास काहीच वाटा नसतो. आधी सहाही भोकं बंद करून मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) 5 ते 10 मिनिटं शांतपणे फुंका, नळी श्वासानेच तापेल, आणि मग मोजा. उन्हात किंवा हीटरपुढे मात्र ठेवू नका, बांबूला तडा जातो. त्यानंतरही सा थोडा उतरा राहिला तर तंबोरा तेवढा उतरवा. ॲपमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यात बारीक सूर लावायची सोय असते.

मोजताना फुंकही सारखी ठेवा. बासरी ओठाकडे वळवून फुंकायचं भोक जास्त झाकलं गेलं की सूर उतरतो, बाहेर वळवली की चढतो. जोर वाढला तरीही चढतो. नवशिक्यांचा तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) बहुतेक या जोरामुळेच चढा लागतो. ट्यूनरकडे बघत फुंकलं तर ओठ नकळत काटा जुळवतात, म्हणून डोळे मिटून स्वर स्थिर करा आणि मगच आकडा पाहा.

आता निषाद. तो 24 सेंट उतरा दिसायला हवा होता, तुमचा 40 आहे, म्हणजे 16 सेंट जास्त. फुंकायच्या भोकाकडून मोजत पहिली चार भोकं बंद असतात तेव्हा नी वाजतो आणि त्याचा सूर मुख्यतः पाचव्या भोकावर ठरतो. आधी पाचवं आणि सहावं बोट भोकापासून दीड-दोन सेंटिमीटर वर उचलून पाहा. मोठ्या बासरीवर बोटं भोकाच्या अगदी जवळ तरंगत राहतात आणि त्या सावलीनेच स्वर बराच उतरतो. चौथं भोक नीट झाकलं जातंय ना, तेही पाहा. तिथून हवा निसटली तर स्वर उलट चढतो किंवा फुटतो.

एवढं करूनही, वेगवेगळ्या दिवशी मोजून, नी तेवढाच उतरा आला तरच घासा, आणि फक्त पाचवं भोक. बारीक गोल कानस किंवा पेन्सिलीवर गुंडाळलेला पॉलिश पेपर घ्या. भोकाची फुंकेकडची कड दोन-तीन वेळा घासा, भुसा पुसा आणि हाताची ऊब उतरेपर्यंत थांबा. मग मंद्र आणि मध्य दोन्ही सप्तकांत मोजा. सा सुद्धा किंचित चढतो, तोही बघा. चुकून जास्त घासलं गेलं तर त्याच कडेला आतून थोडं मेण लावा, सूर उतरेल.