नवी गाडी सहा महिन्यांत चारदा वर्कशॉपमध्ये गेली, आता काय करता येईल?
आधी जॉब कार्डं (वर्कशॉपमध्ये तक्रार आणि काम नोंदवतात तो कागद) गोळा करा. माझ्या गाडीचा गिअर अडकायचा, पण कार्डावर ‘जनरल चेकअप’ एवढंच! तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. मग डीलर आणि कंपनी, दोघांनाही लेखी नोटीस द्या. दाद नाही मिळाली तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगात जा. 50 लाखांपर्यंतच्या गाडीची तक्रार तिथेच चालते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. दुरुस्ती, बदली, पैसे परत, भरपाई, सगळं मागा. खरी मेख पुराव्यात: दोष मूळ उत्पादनातलाच आहे हे तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय सिद्ध करणं अवघड. वकील सक्तीचा नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा, कधी कधी तेवढ्यावरही काम होतं.