वनस्पतींना आरएनएतलं अक्षर का बदलावं लागतं? सरळ डीएनएच दुरुस्त का झाला नाही?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे: हरितलवक आणि तंतुकणिकांमधल्या आरएनएत ‘सी’ या अक्षराचा ‘यू’ करणारी (म्हणजे आरएनएचं ‘संपादन’ करणारी) एन्झाइमं वनस्पतींकडे आली कशी, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा डीएनएच दुरुस्त का झाला नाही?

मला पटलेलं उत्तर असं, की दुरुस्तीची सोय आधी आली आणि चुका नंतर साचल्या. हिरव्या शैवालांत हे संपादन सापडत नाही, जमिनीवरच्या वनस्पतींत मात्र जवळजवळ सगळीकडे आहे. हे काम करतात पीपीआर प्रथिनं. त्यांत साधारण ३५ अमिनो आम्लांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि एकेक तुकडा आरएनएचं एकेक अक्षर ओळखतो. टोकाचा ‘डीवायडब्ल्यू’ नावाचा भाग जस्ताच्या अणूच्या मदतीने ‘सी’वरचा अमिनो गट काढतो, की झाला ‘यू’. माणसात पीपीआर जनुकं ७, अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लहानशा रोपात सुमारे ४५०! (ती सगळीच संपादन करतात असं मात्र नाही.)

असं एन्झाइम एकदा हाताशी आलं, की डीएनएत ‘टी’चा (आरएनएतल्या ‘यू’च्या जागी डीएनएत ‘टी’ असतो) ‘सी’ झाला तरी रोप मरत नाही. नैसर्गिक निवड ती चूक काढून टाकत नाही, चूक टिकते. आणि चूक टिकली की एन्झाइम सोडता येत नाही.

अरॅबिडॉप्सिसच्या हरितलवकातलं एनडीएचडी जनुक घ्या. प्रथिन सुरू करायला ‘एयूजी’ लागतो, पण तिथे लिहिलंय ‘एसीजी’. २००५ मध्ये ही जागा ओळखणारं सीआरआर४ हे पीपीआर प्रथिन सापडलं. गंमत म्हणजे त्याला स्वतःचा डीवायडब्ल्यू भागच नाही. तो पुरवतं डीवायडब्ल्यू१ हे दुसरंच प्रथिन. एका अक्षरासाठी दोन जनुकं राबतायत! कुणी आखून केलेली व्यवस्था अशी दिसत नाही.

वेगवेगळ्या कुळांत या साखळीचं पुढे काय झालं तेही बघा. फिस्कोमिट्रेला या मॉसमध्ये संपादनाच्या जागा १३, सेलाजिनेला या नेच्यासारख्या वनस्पतीत काही हजार. मार्कांशिया या लिव्हरवर्टमध्ये (मॉसच्या नात्यातली छोटी वनस्पती) एकही नाही, डीवायडब्ल्यू जनुकंही गेली. हॉर्नवर्ट (याही मॉसच्या नात्यातल्याच) आणि नेच्यांत तर उलटा, ‘यू’चा ‘सी’ करणारा प्रकारही आहे.

आता डीएनएच्या दुरुस्तीचं. तीही होते! पालक या भाजीच्या पीएसबीएफ जनुकात संपादनाची एक जागा आहे. १९९४ मध्ये ती तंबाखूच्या हरितलवकात घालून पाहिली. तंबाखूला ते अक्षर बदलता आलं नाही. रोपं हळू वाढली, हरितद्रव्यही कमी पडलं. तंबाखूच्या स्वतःच्या डीएनएत त्या जागी ‘टी’च असतो, म्हणजे तिथे डीएनएच बरोबर आहे, त्यामुळे ती जागा ओळखणारं प्रथिन जपायची त्याला गरजच नव्हती.