अर्धांगवायूनंतरचा हात आणि मेंदूतील इलेक्ट्रोड

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी अडकून माझ्या वडिलांना (वय 61) उजव्या बाजूचा अर्धांगवायू झाला. आता ते काठी घेऊन चालतात. पण उजवा हात खांद्यापर्यंत उचलत नाही आणि बोटे जेमतेम हलतात. क्लीव्हलँडला राहणारा माझा भाऊ म्हणतो, की तेथे मेंदूत यंत्र बसवून असे हात सुधारतात. फिजिओथेरपी थांबवून त्याची वाट पाहावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : फिजिओथेरपी कृपया थांबवू नका. आपल्या भावाने सांगितलेला प्रयोग खरा आहे. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. आंद्रे मचाडो यांच्या गटाने 12 रुग्णांच्या लहान मेंदूतील डेन्टेट न्यूक्लियस या भागात सौम्य विद्युत्स्पंद देणारा इलेक्ट्रोड बसवला. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मोठ्या मेंदूच्या भागाला तेथून थॅलॅमस या मेंदूच्या मध्यभागातील केंद्रामार्गे संदेश जातात, आणि ते वाढवले तर इजेतून वाचलेल्या पेशींना नवे काम शिकणे सोपे जावे, अशी त्यामागची कल्पना आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक आहेत. ज्यांच्या मनगटात व बोटांत आधीच थोडी हालचाल शिल्लक होती त्यांना अधिक लाभ झाला, आणि आपल्या वडिलांच्या दृष्टीने ही महत्त्वाची गोष्ट आहे. मात्र रुग्ण थोडे होते व तुलनेसाठी वेगळा गट नव्हता.

याआधी मेंदूच्या आवरणावर इलेक्ट्रोड ठेवण्याचा 164 रुग्णांवरील मोठा प्रयोग नुसत्या व्यायामापेक्षा सरस ठरला नव्हता.

पक्षाघातानंतरच्या हातासाठी अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळालेले दुसरे एक यंत्र मेंदूत बसवावे लागत नाही. ते छातीच्या त्वचेखाली बसवतात आणि त्याची तार मानेतील व्हेगस मज्जातंतूला जोडतात. रुग्ण हात हलवतो त्याच क्षणी थेरपिस्ट बटण दाबतो आणि अर्धा सेकंद विद्युत्स्पंद जातो. गुठळीमुळे झालेल्या जुन्या पक्षाघाताच्या 108 रुग्णांच्या चाचणीत सर्वांना यंत्र बसवले, पण निम्म्यांनाच खरे स्पंद दिले. व्यायाम मात्र सर्वांना सारखाच दिला. दवाखान्यातील सहा आठवड्यांचा व्यायाम संपल्यावर तीन महिन्यांनी खऱ्या स्पंदांच्या गटात 47 टक्के जणांचा हात लक्षणीय सुधारला, तर दुसऱ्या गटात 24 टक्के. या दुसऱ्या आकड्याकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो : पक्षाघाताला नऊ महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या या रुग्णांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्शाला, खरे स्पंद न मिळताही, सहा आठवड्यांच्या नेटक्या व्यायामाने गुण आला. म्हणून 'आता दोन वर्षे झाली, जे व्हायचे ते झाले' असे कोणी म्हटले तर ते मानू नये.

पुढेमागे शस्त्रक्रियेचा विचार झालाच, तर वडील रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेत असल्यास ते आधी सांगावे. कारण गोळी चालू ठेवल्यास रक्तस्रावाचा आणि थांबवल्यास पुन्हा गुठळीचा धोका असतो. तो निर्णय न्यूरॉलॉजिस्ट व शल्यविशारद यांनी एकत्र बसून घ्यावयाचा असतो. तोपर्यंत ती गोळी घरच्या घरी बंद करू नये.