पहिली बंदूक: बोअर आणि नळी

तू ट्रॅपला, म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्यांवरच्या नेमबाजीला, सुरुवात करतोयस, तर सरळ १२ बोअरच घे. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप; आकडा मोठा तितकी नळी अरुंद. २० बोअर हलकी म्हणून धक्का कमी बसेल, असं बरेच जण सांगतील. त्यावर जाऊ नकोस. तेवढ्याच २४ ग्रॅम छर्ऱ्यांचं काडतूस हलक्या बंदुकीतून उडवलं की धक्का खांद्याला जास्त लागतो. साडेतीन किलोच्या १२ बोअरमध्ये तो बराचसा वजनातच जिरतो. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमांत ट्रॅप आणि स्कीट (तबकड्यांवरच्या नेमबाजीचा दुसरा प्रकार) यांसाठी १२ बोअर चालते आणि छर्ऱ्यांचं वजन २४ ग्रॅमपुरतंच मर्यादित आहे, त्यामुळे स्पर्धेत जवळजवळ सगळे हेच वापरतात. लहान बोअर घेऊन त्यांच्याशी बरोबरी का करायची? अंगकाठी अगदीच लहान असेल तरच २० बोअरचा विचार कर.

नळीची लांबी मात्र प्रकारावर ठरते. ट्रॅपमध्ये तबकडी तुझ्यापासून लांब पळत असते, तिथे ३० किंवा ३२ इंची नळी झोक, म्हणजे तबकडीमागे बंदूक फिरवण्याची हालचाल, संथ आणि सलग ठेवते. स्कीटमध्ये ती आडवी जाते, बंदूक पटकन फिरवावी लागते, म्हणून २८ ते ३० इंच. दोन्ही खेळायचं असेल तर ३० इंची घे, कशातच अडणार नाही. लांब नळीने छर्रे फार वेगाने जातात हा समज सोडून दे. फरक नगण्य असतो, फायदा झोकाचाच.

पैसे भरण्याआधी क्लबच्या बंदुकांवर हात बसव. दस्ता गालाला लागला की डोळा आपोआप नळीवरच्या पट्टीच्या रेषेत आला पाहिजे. येत नसेल तर ती बंदूक कितीही नामांकित असो, परत ठेव.