नळीत रेंज नव्हती, तरी ठिपका चालत होता

प्रश्न थोडक्यात असा आहे: बेलपाड्याहून नळीच्या वाटेने, म्हणजे कातळातल्या अरुंद घळीतून, हरिश्चंद्रगड चढताना रेंज शून्य, फोन फ्लाइट मोडवर, तरी नकाशावरचा निळा ठिपका तुमच्याबरोबर वर सरकत होता. मित्राचं म्हणणं, फोन थेट उपग्रहाशी बोलतो. खरं काय, आणि यात आइनस्टाइनची सापेक्षता कुठून येते?

मित्र चुकला. ठिपक्यासाठी फोन उपग्रहाशी एक अक्षरही बोलत नाही, नुसता ऐकतो. (आणीबाणीचा निरोप उपग्रहाला पाठवणारे फोन आता निघालेत, पण ती यंत्रणा वेगळी.) तुम्ही आहात हेच मुळात जीपीएसच्या उपग्रहाला ठाऊक नसतं. तो आपला अखंड एकच पाढा म्हणत असतो: मी अमुक, मी इथे आहे, माझ्या घड्याळात आता इतके वाजलेत. पुढचं सगळं गणित फोनचं.

गिरणीच्या भोंग्यावरून बघा. भोंगा ठीक सातला होतो हे तुम्हाला माहीत आहे आणि तुमच्या घड्याळात तो सात वाजून तीन सेकंदांनी ऐकू आला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे गिरणी किलोमीटरभर लांब. नकाशावर गिरणीभोवती तेवढं वर्तुळ काढा. दुसऱ्या, तिसऱ्या गिरणीचंही काढा. वर्तुळं जिथे भेटतील तिथे तुम्ही.

आता तुमचं घड्याळच दोन सेकंद पुढे असेल तर? तिन्ही गिरण्या सातशे-सातशे मीटर जास्त लांब वाटतील आणि वर्तुळं एका बिंदूत भेटणारच नाहीत. मग घड्याळ थोडं थोडं मागे घेत जायचं. ज्या क्षणी तिन्ही वर्तुळं एकत्र येतील, त्या क्षणी जागाही सापडली आणि खरी वेळही. सपाट जमिनीवर त्यासाठी तीन भोंगे लागतात. उंचीही हवी असेल तर चार, म्हणून उपग्रह किमान चार हवेत. मला या सगळ्या प्रकारात हेच सर्वांत भारी वाटतं. उपग्रहात रुबिडियम-सीझियमची महागडी अणुघड्याळं, तुमच्या खिशात स्वस्तातलं क्वार्ट्‌झ, आणि चौथा उपग्रह ऐकू आला की खिशातलं घड्याळ जवळजवळ त्यांच्या तोडीचं होतं.

इथे आवाजाऐवजी रेडिओलहरी आहेत, सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाणाऱ्या. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंच, म्हणजे डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश यायला सेकंदाचा पंधरावा भाग पुरतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली की अंतर ३०० मीटरनी चुकलं. आणि हा संदेश पोचतो तेव्हा इतका क्षीण असतो की आजूबाजूच्या रेडिओ-गोंगाटाखाली पार दबलेला असतो. तरी सापडतो, कारण प्रत्येक उपग्रहाचा १,०२३ खुणांचा ठरलेला क्रम फोनला पाठ आहे. लग्नाच्या हॉलात बँड वाजत असताना कोपऱ्यात कुणी तोंडपाठ आरती पुटपुटलं तर आपल्याला कडवंसुद्धा कळतं, तसंच.

आता आइनस्टाइनची सापेक्षता: वेग आणि गुरुत्व यांनी घड्याळाची चाल बदलते. वेगामुळे उपग्रहातलं घड्याळ रोज ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, कमी गुरुत्वामुळे ४५ पुढे जातं, म्हणजे एकूण ३८ पुढे. म्हणून जमिनीवरच ते किंचित मंद लावून पाठवतात. पण ‘सापेक्षता विसरलो तर रोज ११ किलोमीटर चुकू’ हे जे सगळीकडे फिरतं, ते मला फुगवलेलं वाटतं. सगळ्याच गिरण्यांची घड्याळं सारखीच पुढे असली तर ती चूक तुमच्या घड्याळाच्या दुरुस्तीत जिरून जाते. खरी अडचण वेगळी आहे. कक्षा किंचित लंबगोल असतात, त्यामुळे प्रत्येक उपग्रहाचं घड्याळ आपापल्या परीने पुढेमागे होतं. ती दुरुस्ती तुमचा फोन दर वेळी करतो, आणि ती सोडली तर काही मीटरचा फटका बसतो.

घड्याळ गेलं की उपग्रह कितीही धडधाकट असला तरी या कामातून बाद. नाविक ही जीपीएससारखी आपली भारतीय यंत्रणा. तिच्या पहिल्या उपग्रहाची, २०१३ साली गेलेल्या आयआरएनएसएस-१ए ची, तिन्ही रुबिडियम घड्याळं २०१६ मध्ये बंद पडली. ती परदेशी बनावटीची होती. मे २०२३ मध्ये गेलेल्या नाविकच्याच एनव्हीएस-०१ या उपग्रहात देशी बनावटीचं रुबिडियम घड्याळ बसवलं गेलं.

आता नळी. दोन्ही बाजूंना कातळ, वर आकाशाची पट्टी. सरळ दिसणारे उपग्रह मोजके आणि बाकीचे संदेश कातळावर आपटून, वळसा घालून येतात. फोनला वाटतं उपग्रहच तेवढा लांब आहे. मी एकदा तिथे दगडावर बसून पाणी पीत होतो आणि ठिपका खुशाल शेजारच्या कड्याच्या पोटात शिरला होता. कोकणकड्यावर आल्यावर, आकाश मोकळं मिळाल्यावर, गुमान जागेवर आला. त्यामुळे नळीत वाट शोधताना ठिपक्यापेक्षा दगडांवरच्या खुणांवर भरवसा ठेवा.

निघण्याआधी नकाशा उतरवून घ्या आणि बेलपाड्यातच, रेंज नसली तर निदान उघड्यावर, ठिपका स्थिर होऊ द्या. उपग्रह आपण कधी कुठे असणार याचं वेळापत्रक सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने सांगतो, त्यामुळे नेटशिवाय पहिल्यांदा अर्धा मिनिट तरी सहज जातं. मग फ्लाइट मोड खुशाल चालू ठेवा. बॅटरी खाते ती मुख्यतः रेंज शोधण्याची धडपड आणि पेटलेला स्क्रीन.

आणि मित्राला एवढं नक्की सांगा: आपण कुठे आहोत हे नळीत फक्त आपल्या फोनला कळतं, दुसऱ्या कुणालाही नाही. कुठल्या वाटेने चढणार आणि कधीपर्यंत उतरणार, हे बेलपाड्यात कुणाला तरी तोंडी सांगून निघा.