शांघायला निघताना: मिस्सा, मुलांचं धर्मशिक्षण आणि फोन

ताई, मिस्टरांची बदली शांघायला झाली आहे, थोरल्याचं दृढीकरण आणि धाकटीचं पहिलं कम्युनियन हे दोन कॅथलिक संस्कार राहिले आहेत. तिथे धर्मशिक्षण मिळेल का, आणि बायबल, ‘सुवार्ता’ मासिकाचे अंक, धर्मग्रामाचा (पॅरिशचा) व्हॉट्सॲप ग्रुप यांचं काय, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी फादरांना भेटा. तयारी झाली असेल तर दोन्ही संस्कार वसईतच करून घ्या. चीनमध्ये शिक्षण आणि धर्म वेगळे ठेवण्याचा कायदा आहे, त्यामुळे शाळेकडून काहीच मिळणार नाही. चर्चमधल्या वर्गाचंही खात्रीने सांगता येत नाही. हेनान प्रांतात 2018 मध्ये अठराच्या आतल्या मुलांना चर्चमध्ये घेऊ नका, त्यांचे वर्ग भरवू नका, असे आदेश निघाले. शांघायमध्ये परदेशी मुलं आईवडिलांसोबत मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येतात. पण आज चालू असलेला वर्ग पुढच्या वर्षी असेलच असं धरून चालू नका.

घरी स्वतःच्या मुलांना शिकवा, बिनधास्त शिकवा. मात्र शेजारची चार मुलं जमवून रविवारचा वर्ग सुरू करू नका, आणि चिनी मूल तर त्यात मुळीच नको. परदेशी लोकांच्या धार्मिक कार्याचे नियम 1994 पासून आहेत, त्यांचे नवे तपशील 1 मे 2025 पासून लागू झाले. परदेशी माणसाला तिथे धार्मिक संस्था किंवा धर्मशिक्षणाची शाळा काढता येत नाही, चिनी नागरिकांमध्ये प्रचार करता येत नाही. चूक झाली तर तुमचा व्हिसा जाईल, पण मदत करणाऱ्या चिनी माणसाला तिथेच राहायचं असतं. त्याचा विचार आधी करा.

मिस्सासाठी सरकारकडे नोंदणी असलेल्या चर्चमध्येच जा. शूच्याहुईचं संत इग्नेशियस कॅथेड्रल 1910 मध्ये बांधून झालेलं, मेट्रो स्टेशनच्या अगदी जवळ आहे. इंग्रजी मिस्साची वेळ बदलते, ती तिथेच विचारा. सरकारी नोंदणीचं चर्च पोपना मानतं का, अशी मनाला टोचणी लागत असेल तर एवढं लक्षात घ्या, की शांघायचे बिशप शेन बिन यांची सरकारी बाजूने एप्रिल 2023 मध्ये पोपना न विचारता परस्पर बदली झाली होती, पण 15 जुलैला पोप फ्रान्सिस यांनी ती मान्य केली. नोंदणी नसलेल्या गटाची मिस्सा शोधत फिरू नका. धोका तुमच्यापेक्षा तिथल्या फादरांना जास्त असतो.

पत्ता विचारताना एक घोळ हमखास होतो. तिथे ‘ची-तू-च्याव’ म्हटलं की लोक प्रोटेस्टंट चर्चकडे पाठवतात. कॅथलिकसाठी शब्द आहे ‘थियेन-चू-च्याव’. तो चिनी अक्षरांत कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

पुस्तकं स्वतःपुरती न्या: माणशी एक बायबल, एक प्रार्थनापुस्तक, मुलांची धर्मशिक्षणाची पाठ्यपुस्तकं, ‘सुवार्ता’चे दोनचार अंक. एकाच पुस्तकाच्या दहा प्रती बॅगेत निघाल्या तर कस्टम्सला त्या वाटायला आणल्यासारख्या वाटतील. ‘कुणाला तरी देऊ’ म्हणून जास्तीचं काही घेऊ नका. मार्च 2018 च्या अखेरीपासून मोठ्या ऑनलाइन दुकानांतून बायबल काढून टाकलं गेलं. ते चर्चमध्ये मिळतं, पण चिनी भाषेत. कॅथलिक छपाई तिथे आहे, शांघायचं क्वांगछी प्रकाशन 1984 पासून चालू आहे, पण तेही परवानगीच्या चौकटीत.

फोनचं काम विमानात बसण्याआधी आटपा. 1 मार्च 2022 पासून इंटरनेटवर धार्मिक मजकूर द्यायला परवाना लागतो, आणि परदेशी व्यक्तीला तो मिळत नाही. मिस्सा किंवा स्नानसंस्कार थेट दाखवणं किंवा नंतर त्याचा व्हिडिओ टाकणं, दोन्ही चालत नाही. म्हणून आजीला व्हिडिओ कॉलवरून चर्चमधली मिस्सा दाखवू नका, वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर वेदीचे फोटो नकोत. यूट्यूब आणि व्हॉट्सॲप तिथल्या नेटवर चालत नाहीत. भारतीय सिम आंतरराष्ट्रीय रोमिंगवर ठेवलं तर व्हॉट्सॲप चालतं, कारण डेटा भारतीय कंपनीकडून येतो. खर्च होतो, म्हणून एवढं रविवारपुरतं ठेवा. परवाना नसलेलं व्हीपीएन नियमात बसत नाही.

आयफोनच्या ॲप स्टोअरचा देश भारतच राहू द्या. 2021 मध्ये बायबलचं एक ॲप चीनच्या स्टोअरमधून काढलं गेलं होतं. ॲन्ड्रॉइडवर तिथे गूगल प्ले उघडत नाही. त्यामुळे बायबल ॲप इथेच घ्या, विमान मोडवर टाकून उघडतंय का ते तपासा. मराठी गायनं, जपमाळेचं ध्वनिमुद्रण आणि धर्मशिक्षणाच्या पीडीएफ फोनमध्येच साठवा, क्लाउडवर विसंबू नका.

कागदपत्रांत चौघांचे स्नानसंस्काराचे अलीकडे काढलेले दाखले, कम्युनियनचा दाखला, लग्नाचा दाखला आणि प्रमुख धर्मगुरूंचं इंग्रजी पत्र ठेवा. थोरल्याचं दृढीकरण राहिलंच तर हाँगकाँगचा पर्याय आहे, तिथला कायदा वेगळा आहे. पण नोकरीचा व्हिसा एकदाच आत येऊ देतो. रेसिडेन्स परमिट (तिथे राहण्याचा परवाना) हातात पडण्याआधी हाँगकाँगला गेलात तर परत येताना अडकाल.

25 डिसेंबरला सुट्टी नसते. मुलांच्या शाळेत त्या दिवशी परीक्षा आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या.