क्लंबर स्पॅनिएल खरोखरच आळशी असतो का, आणि त्याची निगा कशी राखावी?

आपण विचारले आहे की क्लंबर स्पॅनिएल हा जड अंगाचा शिकारी कुत्रा आळशी असतो हे खरे आहे का, आणि तो पाळायचा झाल्यास कोणती काळजी घ्यावी लागते. या जातीचा एक नर आमच्या घरी अकरा वर्षे होता, त्यामुळे पहिल्या भागाचे उत्तर मी ठामपणे देतो: तो आळशी नसतो, संथ असतो. या दोहोंत गल्लत झाली की त्याच्या संगोपनात पुढच्या बहुतेक चुका आपोआप होत जातात.

हा संथपणा त्याच्या कामातून आलेला आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यात ड्यूक ऑफ न्यूकॅसल यांची क्लंबर पार्क नावाची जहागीर होती, तिच्यावरून या जातीला नाव मिळाले. (मूळ कुत्रे फ्रान्समधून आले अशीही कथा सांगतात, पण तिला भक्कम आधार नाही.) दाट झुडपांत शिरून, फारसे न भुंकता, नाकाच्या भरवशावर लपलेला पक्षी उठवणे हे त्याचे काम, ब्रिटनचे राजे सातवे एडवर्ड आणि पाचवे जॉर्ज यांनी सँड्रिंगहॅम या आपल्या जहागिरीत हे कुत्रे त्यासाठीच बाळगले होते. आमच्या कुत्र्याचा चेंडू झुडपात गेला की तो धावत सुटत नसे. नाक जमिनीला टेकवून तो एकेक कोपरा हुंगत जाई, पाहणाऱ्याचा धीर सुटे, आणि दहा मिनिटांनी चेंडू तोंडात धरून, पानांनी माखलेला, तो सावकाश बाहेर येई.

काळजीचे म्हणाल तर सर्वांत आधी वजन. पूर्ण वाढलेला नर साधारण ३२ ते ३९ किलोंचा आणि मादी २५ ते ३२ किलोंची असते, पण खांद्यापाशी नराची उंची जेमतेम ४६ ते ५१ सेंटिमीटर भरते. लांबट पाठ आणि आखूड पाय यांवर एवढा भार असल्याने पाठीच्या मणक्यांमधील चकत्यांचे आणि खुब्याच्या सांध्याचे विकार या जातीत बरेच आढळतात. आमचा कुत्रा सहाव्या वर्षी ४३ किलोंवर गेला आणि आम्ही त्याला कौतुकाने ‘भारदस्त’ म्हणत राहिलो. पुढे पशुवैद्यांच्या सांगण्यावरून अन्न तोलून देऊन आठ महिन्यांत तो ३६ किलोंवर आला, तेव्हा जमिनीवरून उठताना तो आधी कण्हत असे हे आमच्या लक्षात आले, कारण ते कण्हणे थांबले होते. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात, हा अंदाज पुरतो. रोज फिरवणे आवश्यकच आहे, मात्र उन्हात नव्हे, आणि पिल्लाची वाढ पूर्ण होईपर्यंत त्याला उंचावरून उड्या मारू देऊ नयेत.

खालची पापणी सैल असल्याने डोळ्यांत कचरा साठतो, आणि काहींची पापणी आत वळून केस बुबुळावर घासतात. डोळा सतत मिचकावला जात असेल तर घरगुती उपाय करत बसू नये. जड, लोंबते कान आठवड्यातून एकदा उचलून हुंगावेत, कारण आंबूस वास हा संसर्गाचा पहिला इशारा असतो. केस बारमाही झडतात, लाळ गळते, घोरणे भिंतीपलीकडे ऐकू जाते. यांपैकी एकाचीही किळस असेल तर दुसरी जात पाहावी, असे मी स्पष्टच सांगेन.

स्वभावाने तो घरच्यांशी अतिशय प्रेमळ, परक्यांशी थोडा राखून वागणारा आणि अन्नाच्या बाबतीत सराईत चोर असतो. तोंडात काहीतरी धरून मिरवणे ही त्याची उपजत खोड. पाहुण्यांचे स्वागत आमच्याकडे नेहमी कुणाच्या तरी चपलेने होई. चप्पल परत मिळते, मोजा मात्र गिळला जाऊ शकतो आणि आतड्यात अडकतो, म्हणून कपडे जमिनीवर टाकण्याची सवय घरातल्या माणसांनी सोडावी लागते.

आता ‘आळशी’ या शब्दाकडे पुन्हा येतो. थोडेसे चालल्यावरच कोसळणारे पिल्लू आळशी समजून सोडून देऊ नये. स्नायूंना ऊर्जा मिळण्यात अडथळा आणणारा पीडीपी१ नावाचा आनुवंशिक दोष या जातीत आढळतो, आणि डीएनए चाचणीने तो ओळखता येतो. पिल्लू घेण्यापूर्वी त्याच्या आईवडिलांच्या या चाचणीचा आणि खुब्यांच्या क्ष-किरण तपासणीचा अहवाल मागावा. तो दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये.